खुर्चीवरून झटकन उठा

गणेशचवथीला बसफुगडी अर्ध्यावर सोडून मी बाजूला झाले, तेव्हा मी ६३ वर्षांची होते. दम भरपूर होता, पण मांड्याच साथ देईनात. रोज संध्याकाळी इथल्या, गोव्यातल्या मार्दोळच्या तळीपर्यंत चालून यायची, तरीही. चालण्याने दम वाढतो; मांडीत ताकद यायची तर तिच्यावर भार पडावा लागतो, हे मला तेव्हा कुठे कळलं.

आधी आपली ताकद मोजा. पाठ नसलेलं स्टूल नको, जड लाकडी खुर्ची घ्या आणि भिंतीला टेकवा. प्लॅस्टिकची खुर्ची लादीवर सरकते. हात छातीशी घडी घालून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. बायकांच्या ६० ते ६४ वयात निदान १२, ६५ ते ६९ मध्ये ११ तरी उठबशा व्हायला हव्यात. माझ्या झाल्या ८.

आता रीत. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, अंग पुढे झुकवा, टाचांवर जोर देऊन उभ्या राहा. खाली बसताना ‘एक, दोन, तीन’ मोठ्याने मोजत सावकाश बसा. धपकन पडायचं नाही, गुडघे आत वळू द्यायचे नाहीत. मोठ्याने मोजायचं, कारण श्वास कोंडला की रक्तदाब चढतो. ८ वेळा करा, एक-दोन मिनिटं विसावा, पुन्हा ८. दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस मोकळा.

तीन-चार आठवडे असं सावकाश झालं, की उठणं झटक्यात करा, फाटकाशी कुणी हाक मारल्यासारखं. बसणं मात्र सावकाशच. वयाबरोबर ताकद कमी होतेच, पण तिच्याहून लवकर ओसरते ती ताकद चटकन लावण्याची शक्ती. पावसात शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला तर तीच सावरते. म्हणून हा भाग टाळू नका.

दहा उठबशा सहज व्हायला लागल्या की एक किलो उकडे तांदूळ कापडी पिशवीत घालून छातीशी धरा. पुढे दोन किलो. शेवटच्या दोन उठबशा जड गेल्याच पाहिजेत; गप्पा मारत होत असतील तर वजन वाढवा. झटक्यात उठायच्या दिवशी थोडं हलकं घ्या. माझी पिशवी आता पाच किलोंची आहे.

जोडीला पडवीच्या पायरीवर खांब धरून चढ-उतार, आणि खिडकीचे गज धरून टाचा उचलणं.

मांड्या दोन दिवस ठणकल्या तर घाबरू नका. सांध्यात कळ, छातीत दुखणं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. हृदयाचा त्रास, रक्तदाब किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि नुसती पेज-लोणचं खाऊन स्नायू होत नाहीत. मासळी, अंडी खा. सोमवारी मोडाच्या मुगांची मुगागाठी करा.

‘आता या वयात काय?’ असं शेजारणी म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या अशक्त वृद्धांकडून ८ आठवडे वजनाचा व्यायाम करून घेतला, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली होती.

खुर्ची सोपी झाली की तिच्याहून बुटकं आसन घ्या. मी हळूहळू आदोळीपर्यंत, म्हणजे नारळ खोवायच्या बुटक्या विळीपर्यंत आले आहे. नारळ खोवून झाला की कातली बाजूला ठेवते आणि हात न टेकता उठते.