तारणाचा आनंद आटल्यासारखा वाटतोय? मग एवढं करून बघा

सलाम सगळ्यांना. बरेच जण बोलून दाखवतात की बाप्तिस्मा झालाय, रविवारची उपासना चुकवत नाही, वचन पण वाचतो, पण सुरुवातीचा तो आनंद काही राहिला नाही. तर आधी घाबरू नका, आनंद कमी झाला म्हणजे तारण, म्हणजे येशूने पापातून केलेली सुटका, गेलं असं नसतं. बायबलमधलं स्तोत्र ५१ काढा आणि १२ वं वचन बघा, दावीद राजा तिथे तारणाचा हर्ष परत मागतोय. म्हणजे एवढ्या मोठ्या राजाला पण तो मागावा लागला, मग आपण पण मागायचा, सरळ आपल्या भाषेत, प्रभू मला कोरडं वाटतंय, तुझ्या तारणाचा आनंद मला परत दे.

आणि हे स्तोत्र कधीचं आहे तेही लक्षात घ्या. दावीदाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्याशी पाप केलं, नाथान संदेष्ट्याने ते तोंडावर सांगितलं, त्यानंतरचं. त्यामुळे आपण काही लपवून ठेवलं असेल, भावाशी अबोला असेल, कुणाचे पैसे बुडवले असतील, तर ते आधी देवापुढे कबूल करा आणि जमेल तसं मिटवायला लागा. ते तसंच ठेवून नुसती गाणी म्हटली तर आनंद टिकत नाही, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

मग इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय, पहिली दहा वचनं, रोज मोठ्याने वाचा, आठवडाभर तरी. आपण काय करतो, कृपेने तारण झालं ते आठवं वचन पाठ असतं म्हणून थेट तिथे जातो. पण पहिली तीन वचनं सोडू नका, आपण अपराधांमुळे मेलेले होतो असं तिथे लिहिलंय, आणि मेलेल्या माणसाला स्वतःहून काय करता येतं? काहीच नाही. ते नीट कळलं की मग तारण ही कमाई नाही, देवाचं दान आहे, हे वाचताना डोळे भरून येतात.

आता आभार कसे मानायचे, इथे थोडं थांबून बोलतो कारण खरी गडबड इथेच होते. आपली आभाराची प्रार्थना बहुतेक नोकरी, तब्येत, पोरांचे मार्क, लोन पास झालं, इथून सुरू होते आणि तिथेच संपते. त्यात वाईट काही नाही, पण उद्या कारखाना बंद पडला की आभार पण बंद. लूक १०:१७-२० मध्ये शिष्य सेवेवरून खूश होऊन परत येतात, भुतं पण आम्हाला वश होतात म्हणतात, तर येशू म्हणतो त्याचा आनंद मानू नका, तुमची नावं स्वर्गात लिहिली आहेत याचा माना. म्हणून क्रम बदला. आधी पापक्षमेचे आभार, मग बाकी सगळं.

आमच्याकडे एक मावशी आहेत, विडी कामगार, घरात तेलुगू बोलतात. सूप मांडीवर, पान कापलेलं, त्यात तंबाखू, बोटं सरसर वळतात आणि दोरा बांधता बांधता त्या पुटपुटतात, स्तोत्रम् येसय्या, म्हणजे येशू तुझी स्तुती असो, माझं पाप धुतलंस. मजुरीचं नंतर, गुडघ्याचं त्याच्या पण नंतर. कुणी शिकवलेलं नाही, सवयच तशी. तुम्ही पण हाताला असं एक काम धरा, भाकरी थापताना म्हणा, लूमवर उभं राहून म्हणा, पाणी यायची वाट बघत म्हणा, वेगळा वेळ काढायची गरजच नाही.

हलाखीत काय करायचं, तर हबक्कूक ३:१७-१८. अंजिराला फूल नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. उजनी धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे वापरायचं पाणी संपतं, त्या उन्हाळ्यात हे वचन आपल्या सोलापूर जिल्ह्यासाठीच लिहिल्यासारखं वाटतं बघा. पण ज्याच्या घरात मयत झालीय त्याला लगेच जाऊन आनंद कर म्हणून सांगू नका. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला. तिथे नुसतं जवळ बसा, चहा करून द्या, प्रार्थना करा.

गाणं सोडू नका. प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला फिलिप्पै शहराच्या तुरुंगात, पाय खोड्यात अडकवलेले, आणि मध्यरात्री गात होते, बाकीचे कैदी ऐकत होते. आवाज चांगला नसला तरी चालतंय, पेटी असेल तर लई छान, नसेल तर टाळ्या वाजवा, पण मोबाईलवर लावून नुसतं ऐकू नका, स्वतःच्या तोंडाने म्हणा.

शेवटचं म्हणजे साक्ष. दहा कुष्ठरोगी बरे झाले, त्यातला एकटा शोमरोनी, म्हणजे यहूद्यांना परका माणूस, मोठ्याने देवाचं गौरव करत परत आला, आणि येशूने विचारलं बाकीचे नऊ कुठे आहेत. त्यामुळे येत्या प्रार्थना सभेत उभे राहा आणि प्रभूने तुमच्यासाठी काय केलं ते सांगा. दोन वाक्यं असली तरी पुरे, भाषण नको. आणि घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर त्याच भाषेत बोला, शेजारी बसलेलं कुणीतरी मराठीत सांगेल की.