दत्तक कुत्र्याचं खाणं निवडताना या चुका टाळा

रस्त्यावरून किंवा शेल्टरमधून कुत्रा घरी आणला की पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते अर्धवट संपलेल्या डॉग फूडच्या पिशव्यांवर. सोमवारी शी पातळ झाली म्हणून एक पिशवी बाजूला पडते, गुरुवारी त्याने तोंड लावलं नाही म्हणून दुसरी, आणि रविवारी खालच्या मजल्यावरचे लॅब्रेडॉरवाले काका सांगतात म्हणून तिसरी येते. आतापर्यंत पोट बिघडलेलं नसेल तर या अदलाबदलीने नक्की बिघडतं. खाणं महागातलं घेतलं की स्वस्तातलं, हा प्रश्न नंतरचा. नीट बघून एक निवडलं का आणि त्याला पुरेसे दिवस दिले का, हा आधीचा.

पुढचे आकडे आपल्याकडच्या नेहमीच्या दत्तक कुत्र्याचे आहेत: दीड-दोन वर्षांचा, १५ किलोच्या आसपासचा, नसबंदी झालेला देशी. पिल्लाचं जिथे वेगळं असतं तिथे तसं सांगितलंय.

चूक: आल्या दिवशी नवं खाणं

कुत्रा ताब्यात घेताना लसीचं कार्ड सगळे मागतात. तो रोज काय खात होता हे फार थोडे विचारतात. शेल्टरमध्ये बहुतेक भात आणि उकडलेलं चिकन किंवा कोंबडीचे पाय असतात, कधी देणगीत आलेलं ड्राय फूड. रस्त्यावरचा असेल तर टपरीवरची बिस्किटं, कुणाची चपाती आणि कचऱ्यातलं मिळेल ते. नवं घर, नवी माणसं, गळ्यात पट्टा, एवढ्यानेच त्याचं पोट ढवळलेलं असतं. त्यात खाणंही नवं दिलं तर जुलाब ताणामुळे झाले की खाण्यामुळे हे कळायला मार्ग उरत नाही.

पहिले तीन-चार दिवस जुनंच चालू ठेवा. मग पाव हिस्सा नवं, दोन-तीन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, असं करत सात ते दहा दिवसांत पूर्ण बदला. शी पातळ झाली तर एक पायरी मागे या.

हाडं दिसणाऱ्या, बरेच दिवस उपाशी राहिलेल्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. दया येऊन त्याच्यापुढे पहिल्याच दिवशी भरलेली परात ठेवू नका. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम धोकादायक खाली जाऊ शकतं. अशा कुत्र्याला आधी डॉक्टरांना दाखवा, मग थोडं थोडं करत दिवसातून चार-पाच वेळा द्या.

चूक: पिशवीची पुढची बाजू वाचणं

पुढे काय असतं? भाजलेल्या चिकनचा तुकडा, ताजी गाजरं, चकचकीत केसांचा गोल्डन रिट्रीव्हर. हे सगळं विकण्यासाठी. कामाचं सगळं मागे असतं, शिवणीजवळ, बारीक टायपात. दुकानातच मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून वाचा.

पहिलं शोधायचं ते ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’. म्हणजे फक्त यावर कुत्रा जगू शकतो असा कंपनीचा दावा. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलं असेल तर ते जोडखाणं. ग्रेव्हीची कितीतरी पाउचं या दुसऱ्या वर्गात मोडतात आणि लोक ती जेवण म्हणून घालत राहतात. त्याच्या शेजारीच ते कोणत्या वयासाठी आहे हे असतं. देशी पिल्लाला दहा-बारा महिन्यांपर्यंत पिल्लांचंच खाणं द्यावं.

मग आकडे. अमेरिकेतल्या ‘आफको’ या संस्थेचे निकष जगभर वापरले जातात. त्यांप्रमाणे पाण्याचा अंश वगळून प्रौढ कुत्र्याच्या खाण्यात किमान १८ टक्के प्रोटीन आणि ५.५ टक्के फॅट हवं, पिल्लासाठी २२.५ आणि ८.५. पाणी वगळणं महत्त्वाचं, कारण त्याशिवाय पाउच आणि ड्राय फूड यांची तुलनाच होत नाही. पाउचवर ८ टक्के प्रोटीन पाहून नाक मुरडू नका. त्यात ८० टक्के पाणी असेल तर उरलेल्या २० भागांत ८, म्हणजे ४० टक्के प्रोटीन झालं. अर्थात पाण्याचे पैसेही तुम्हीच दिलेले असतात, म्हणून रोजच्यासाठी पाउच परवडत नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण ते वजन शिजवण्याआधीचं. ताज्या चिकनमध्ये सुमारे ७० टक्के पाणी असतं, त्यामुळे ते यादीत पहिलं दिसतं आणि सुकल्यावर बरंच खाली घसरतं. उलट ‘चिकन मील’ हे नाव कमी आकर्षक असलं तरी ते आधीच सुकवलेलं असतं. यादीत मका, मक्याचं ग्लुटेन, तांदूळ, तांदळाचा कोंडा असं धान्य तुकड्यातुकड्यांत आलं असेल तर मनात बेरीज करा. पण मका दिसला म्हणून पिशवी खाली ठेवण्याचं कारण नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं होतं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा जास्त असतात. शिजवलेलं धान्य त्याला पचतं. उलट बिनधान्याचं, वाटाणे-डाळींवर बेतलेलं ‘ग्रेन-फ्री’ खाणं आणि हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजार यांचा संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही, पण डॉक्टरने सांगितल्याशिवाय जास्त पैसे मोजून ते घ्यावं असंही त्यात काही नाही.

चूक: किलोचा भाव पाहून स्वस्त-महाग ठरवणं

कुत्रा किलो खात नाही, कॅलरी खातो. आपल्या १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. घरात लोळणाऱ्याला कमी, सकाळ-संध्याकाळ टेकडी चढणाऱ्याला जास्त.

पिशवीवर कॅलरी छापलेल्या नसतील तर घरी काढता येतात. प्रोटीनचे टक्के गुणिले ३.५, फॅटचे गुणिले ८.५, पिष्टाचे गुणिले ३.५. पिष्ट बहुधा छापलेलं नसतं. शंभरातून प्रोटीन, फॅट, फायबर, पाणी आणि राख (म्हणजे खाणं जाळल्यावर उरणारी खनिजं) वजा केली की ते उरतं. राखही दिलेली नसेल तर ८ धरा. २० टक्के प्रोटीन, १० फॅट, ५ फायबर, १० पाणी असलेल्या खाण्यात पिष्ट ४७ उरतं, आणि १०० ग्रॅमला ३२० कॅलरी येतात.

आता समजा हे खाणं २०० रुपये किलो आहे, आणि शेजारी ३८० कॅलरीचं दुसरं २८० रुपये किलो. पहिलं दिवसाला सुमारे २६५ ग्रॅम लागेल, म्हणजे ५३ रुपये. दुसरं २२५ ग्रॅम, म्हणजे ६३ रुपये. पिशवीवर ४० टक्के महाग दिसणारं खाणं प्रत्यक्षात दिवसाला दहा रुपयांनी महाग आहे. हे दहा रुपये वसूल होतात का, हे महिन्याभराने शीवरून कळतं. पचणारं खाणं असेल तर शी कमी, घट्ट आणि उचलायला सोपी. ढीगभर होत असेल तर पैसे तिथेच चाललेत.

माप वाटीने किंवा कपाने घेऊ नका. स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर एकदा मोजा आणि त्या मापाची खूण डब्यातल्या पेल्यावर करून ठेवा. पिशवीवरचा तक्ता हा फक्त अंदाज. बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात, पण लांबून मोजता येऊ नयेत, आणि वरून पाहिलं तर कंबर दिसायला हवी. त्याप्रमाणे दर पंधरा दिवसांनी दहा टक्के कमी-जास्त करा.

चूक: सुटं डॉग फूड, तेही पावसाळ्यात

पेट शॉपमध्ये वीस किलोचं पोतं उघडं असतं, त्यात स्कूप खुपसलेला असतो, आणि किलोमागे बरेच पैसे वाचतात. पण ते पोतं कधी उघडलं, त्याची मुदत काय, हे तुम्हाला कोण सांगणार? दाण्यांवरचं तेल हवेने खवट होतं. जुलैत मुंबईत किंवा कोकणात दमटपणामुळे बुरशी धरते, आणि मक्यावरच्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन लिव्हर खराब करतं. ते गरम केल्यानेही पुरतं जात नाही. दाणा हातात घेऊन पाहा: बोटाला चिकट लागला, जुन्या तेलाचा वास आला, किंवा कडक असायच्या जागी मऊ लागला तर घेऊ नका.

स्वतः वीस किलोचं पोतं घेणंही एका कुत्र्याच्या घरात फायद्याचं नाही. रोज २२५ ग्रॅमने ते तीन महिने चालेल, आणि उघडलेली पिशवी महिना-दीड महिन्यात संपायला हवी. शेजारपाजारी कुणी तेच देत असेल तर दोघा-तिघांत वाटून घ्या. आणि दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा. मुदत आणि बॅच नंबर पिशवीवरच असतो, आणि डब्याच्या तळाशी जुन्या तेलाचा थर साचत नाही.

चूक: दूध-चपातीला घरचं जेवण म्हणणं

घरचं खाणं वाईट नाही. अर्धवट घरचं खाणं वाईट. दूध-चपाती, दूध-बिस्कीट, नुसता चिकन-भात यांनी पोट भरतं, पण कॅल्शियम, झिंक, जीवनसत्त्वं यांचा हिशेब जमत नाही. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. वाढत्या पिल्लाला महिनोन्महिने तेवढंच मिळालं तर शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं. पाय वाकतात, साध्या उडीत हाड मोडतं. दूध त्यावर उपाय नाही, कारण मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना त्यातली साखर पचत नाही. दही-ताक त्यातल्या त्यात बरं.

याच्या उलट चूकही तितकीच दिसते. पिल्लांचं पूर्ण ड्राय फूड चालू असताना वर कॅल्शियमचं सिरप. दुकानदार ते हमखास हातात ठेवतो. पिशवीत कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. वरचं जास्तीचं, विशेषतः मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांना, नुकसान करतं.

खर्च आणि पोषण दोन्ही जमवायचं तर मला मध्यम भावाचं पूर्ण ड्राय फूड पाऊण हिस्सा आणि घरचं पाव हिस्सा हा मार्ग सगळ्यात सोपा वाटतो. घरच्यात उकडलेलं चिकन किंवा अंडं, थोडा भात, भोपळा किंवा गाजर. चिकनवाल्याकडे कलेजी-पेटा स्वस्त मिळतो, पण कलेजी आठवड्यातून एक-दोनदा आणि थोडीच, कारण तिच्यात ‘अ’ जीवनसत्त्व फार असतं. शिजवलेली हाडं कधीच नाहीत. ती टोकदार फुटतात. पूर्ण घरचंच द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून पाककृती लिहून घ्या. अंड्याच्या कवचाची अगदी बारीक पूड १५ किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला अर्धा चहाचा चमचा कॅल्शियमपुरती चालते, बाकीच्या गोष्टी तिच्याने भागत नाहीत.

आपल्या ताटातलं मात्र नको, आणि तिखटापेक्षाही फोडणीसाठी नको. कांदा-लसूण कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, शिजवून किंवा पूड करूनही. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला घातक, म्हणून प्रसादाचा शिराही लांब. चॉकलेट नाही, आणि ‘शुगर-फ्री’ गोळ्या-च्युइंगममधलं झायलिटॉल तर जीवघेणं.

घर शाकाहारी असेल तर अंडी, दही, पनीर आणि चांगलं शाकाहारी ड्राय फूड यांवर प्रौढ कुत्रा राहू शकतो. पिल्लाच्या बाबतीत हा प्रयोग डॉक्टरांशिवाय करू नका.

पिशवी बदलण्याआधी हे तपासा

शी पातळ आहे पण कुत्रा खेळतोय: आधी प्रमाण कमी करा, बिस्किटं बंद करा, जंताचं औषध कधी दिलं ते बघा. तीन दिवसांत फरक नाही, तर शीचा ताजा नमुना तपासायला द्या. रक्त, उलट्या, मलूलपणा यांपैकी काही असेल, आणि त्यातून लस पूर्ण न झालेलं पिल्लू असेल, तर वाट पाहू नका. पार्वो हा विषाणूचा आजार पिल्लाला दोन-तीन दिवसांत हातातून घालवतो.

खातच नाही: पहिले दोन दिवस भीतीने असं होतं. भांडं पंधरा-वीस मिनिटं ठेवा, जवळून उठा, मग उचला. दरवेळी वर चिकन घालत गेलात तर तो चिकनची वाट पाहायला शिकेल. पण आधी खाणारा कुत्रा अचानक थांबला, अंग गरम, हिरड्या फिक्या, तर तो नखरा नाही. गोचीड ताप असू शकतो, आणि त्याचं निदान रक्ताच्या तपासणीत होतं, डॉग फूडच्या दुकानात नाही.

हावरटासारखं खातो आणि दाणेच्या दाणे ओकतो: भांड्याऐवजी मोठ्या परातीत दाणे पसरून द्या. रस्त्यावर जगलेल्याला हे दाणे पुन्हा मिळतील याची खात्री नसते. तो खात असताना परातीत हात घालू नका, मुलांनाही घालू देऊ नका.

खाजवतो: लगेच ‘चिकनची अ‍ॅलर्जी’ म्हणू नका. आधी पिसवा-गोचिड्यांचा बंदोबस्त. खाण्याचीच शंका उरली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कधीच न खाल्लेल्या एका प्रोटीनवर आठ आठवडे ठेवावं लागतं, आणि त्या काळात एक बिस्कीटही चालत नाही.

एवढं सगळं झालं, दोन महिने एकच खाणं नीट मोजून दिलं, तरी शी ढीगभर होतेय आणि केस निस्तेजच आहेत, तर पिशवी जरूर बदला. नवी छोटी आणा, आणि जुनीत दहा दिवसांचं खाणं शिल्लक असतानाच आणा, म्हणजे मिसळायला दोन्ही हाताशी असतील.