परदेशात जायलात? मग गावाकडचं बँक खातं अन् क्रेडिट कार्ड चालू कसं ठेवायचं

आपल्याकडची पोरं आता कुठं कुठं जायलेत. लातूरचा पोरगा जर्मनीत, नांदेडची पोरगी कॅनडात, परभणी-हिंगोलीकडचे वेल्डर-इलेक्ट्रिशियन सौदीला नाहीतर मस्कतला. जाताना बॅगेत शेंगदाण्याची चटणी किती अन् ज्वारीचं पीठ किती ह्यावर घरात आठ दिवस चर्चा चालते, पण बँकेचं विचारलं की "तिथं गेल्यावर बघू". तर भावांनो, तिथं गेल्यावर ते काम होत नाही, कारण तिथून फोन केला की कस्टमर केअरवाला म्हणतो होम ब्रँचला जा, अन् होम ब्रँच तुमची सेलूला नाहीतर उदगीरला. म्हणून खाली लिहिलेलं जेवढं जमेल तेवढं विमानात बसायच्या आधीच करा.

पहिलं काम बँकेचं नाहीच, मोबाईल नंबरचं आहे. खातं, कार्ड, आयकराचं पोर्टल, आधार, सगळं एकाच भारतीय नंबरवर बांधलेलंय, तो नंबर गेला की खात्यात पैसे असून उपयोग नाही. ९० दिवस सिम वापरलंच नाही तर कंपनी ते बंद करू शकते अन् पुढं तोच नंबर दुसऱ्या कुणाला तरी देतात. मग तुमचे ओटीपी त्याच्याकडं, अन् तुम्ही बसा मेल करत. त्यामुळं वर्षाचा रिचार्ज मारून ठेवा, इंटरनॅशनल रोमिंग इथूनच चालू करून घ्या (येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे लावत नाहीत), अन् फोनमधे दोन सिमची सोय बघा, ई-सिम होत असेल तर लईच बरं. आणखी एक, सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. आपल्याकडं निम्म्या पोरांचं सिम वडलांच्या नाहीतर काकाच्या आधारवर काढलेलं असतं, ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. सिम आईजवळ ठेवून जायचं अन् तिच्याकडून फोनवर ओटीपी विचारायचा हा धंदा करू नका. एक तर कॅनडा-अमेरिकेतली तुमची दुपार ती तिची मध्यरात्र, ओटीपीचं आयुष्य पाच-दहा मिनिटाचं, अन् दुसरं म्हणजे फोनवर ओटीपी सांगायची सवय लागलेल्या आईला उद्या कुणी "मी बँकेतून बोलतोय" म्हणलं तर ती त्यालाही सांगणार. ईमेल सुद्धा खात्याला जोडून ठेवा, कॉलेजचा नको, कायमचा.

आता खात्याचं. इथं लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ होतो. साधं सेव्हिंग खातं परदेशात राहणाऱ्याला ठेवता येत नाही, परकीय चलनाचा फेमा नावाचा १९९९ चा कायदा आहे त्यात ते बसत नाही. "१८२ दिवस बाहेर राहिलो की मग एनआरआय" असं जो तो सांगतो, पण नोकरी-धंद्यासाठी बाहेर पडणाऱ्याला १८२ दिवसांचा हिशोब लागतो तो इन्कम टॅक्सचा. फेमात तुम्ही नोकरीसाठी नाहीतर धंद्यासाठी देश सोडला की तेव्हापासूनच अनिवासी, अन् शिकायला गेलेल्या पोरांनाही रिझर्व्ह बँक अनिवासीच धरते. म्हणजे तुमचं जुनं खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. खातं बंद होत नाही, त्याचा प्रकार बदलतो. लोक वर्षानुवर्षं न सांगता साधंच खातं चालवतात, काही होत नाही असं वाटतं, पण पकडलं तर दंड रकमेच्या तिप्पट पर्यंत जाऊ शकतो, अन् बँकेने केवायसीला पासपोर्टची पानं मागितली की व्हिसा दिसतोच.

एनआरओत इथली कमाई येते: घरभाडं, शेताचं उत्पन्न, डिव्हिडंड, पेन्शन. त्यातल्या व्याजावर बँक ३० टक्के अन् वरून सेस धरून ३१.२ टक्के टीडीएस कापते, ते बघून लोक घाबरतात. घाबरू नका, तुमचं भारतातलं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असेल तर रिटर्न भरून ते पैसे परत मिळतात. अन् तुम्ही राहता त्या देशासोबत भारताचा कर करार असेल तर तिथलं टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट देऊन कमी दराने कापून घेता येतं. रिटर्न भरायचा कंटाळा करणारे लई बघितलेत, हजार-दोन हजारासाठी कोण बसतंय म्हणतात, पण एफडी मोठी असली की तो आकडा हजारात राहत नाही.

दुसरं खातं एनआरई. हे फक्त तिकडून पाठवलेल्या पैशासाठी. ह्याच्यावरचं व्याज भारतात करमुक्त, अन् पैसे कधीही जसेच्या तसे परत बाहेर नेता येतात. एनआरओमधून मात्र एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंतच, अन् त्यासाठी सीएचं सर्टिफिकेट अन् ऑनलाइन फॉर्म लागतो. माझं सरळ मत असं की दोन्ही उघडा. घरी पाठवायचा अन् साठवायचा पैसा एनआरईत, शेताचा अन् भाड्याचा एनआरओत, अन् दोन्हीची खिचडी करू नका, कारण एनआरओतून एनआरईत पैसे टाकायला वर सांगितलेलाच कागदाचा खेळ करावा लागतो. एनआरई एफडी करणार असाल तर ध्यानात ठेवा, कमीत कमी एक वर्षाची असते अन् वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. रुपया घसरायची भीती असेल त्यांनी एफसीएनआर एफडी बघावी, डॉलर-युरोतच राहते, मुदत एक ते पाच वर्षं.

आता शाखेत काय होतं ते सांगतो. फॉर्मला पासपोर्ट, व्हिसा नाहीतर रेसिडेन्स परमिट, तिकडच्या पत्त्याचा पुरावा, पॅन, फोटो आणि तिकडचा टॅक्स नंबर लागतो. हे सगळं असूनही काम अडतं ते नावावर. पासबुकावर जुन्या क्लार्कने आडनाव आधी लिहिलेलं, "देशमुख गणेश माणिकराव", पासपोर्टवर गणेश माणिकराव देशमुख, पॅनवर माणिकरावमधला राव गायब, अन् आधारवर वडलांचं नावच नाही. समोरचा क्लार्क चष्मा वर करून चारही कागद एका रांगेत मांडतो अन् म्हणतो, "दादा, ह्यातला तुम्ही कोणता?" हे जायच्या आधी दुरुस्त करा, अन् सगळ्याला पासपोर्टवरचं नाव प्रमाण धरा. सहीचंही तसंच. दहावीनंतर स्कॉलरशिपसाठी काढलेल्या खात्यात सही असते गोल गोल मराठीत, आता तुम्ही करता इंग्रजीत झपकन. तिकडून फॉर्म पाठवला की "सिग्नेचर मिसमॅच" म्हणून परत. नवी सही शाखेत समोर बसून अपडेट करून घ्या, पाच मिनिटाचं काम आहे.

ज्यांचं खातं जुन्या हैदराबाद बँकेतलं (स्टेट बँक ऑफ हैदराबाद) आहे त्यांनी जरा जास्त बघा. मराठवाड्यात घरटी एक तरी पासबुक त्या बँकेचं होतं, १९४१ ची निजामाच्या काळातली बँक, १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली अन् आयएफएससी कोड बदलले. ज्या कागदांवर अजून एसबीएचवायने सुरू होणारा जुना कोड आहे, मग ते म्युच्युअल फंडात असो नाहीतर पीएफला, तिथं एसबीआयएनवाला नवा टाका. तिकडून पैसे पाठवताना जुना कोड दिला तर पैसे मधेच लटकतात. परदेशातून पैसे यायला लागणारा स्विफ्ट कोड तालुक्याच्या शाखेला नसतो बऱ्याच वेळा, तेव्हा कोणत्या मोठ्या शाखेचा स्विफ्ट वापरायचा ते मॅनेजरसाहेबांना विचारून लिहून घ्या.

जिल्हा बँक, पतसंस्था अन् मल्टिस्टेटमधे (अनेक राज्यांत चालणाऱ्या पतसंस्था) पैसे असतील तर जायच्या आधी ते काम आटपा. जिल्हा बँकेत बहुतेक ठिकाणी एनआरआय खात्याची सोयच नाही, अन् पतसंस्थेच्या ठेवीला पाच लाखाचा ठेव विमा लागू नाही, तो फक्त बँकांना. जादा व्याजाच्या नादात मल्टिस्टेटमधे अडकलेल्यांचं काय झालं ते बीड-संभाजीनगरवाल्यांना मी सांगायला नको. इथं राहून ऑफिससमोर लाईनीत उभं राहता येतं, दुबईतून ते पण येत नाही.

पोस्टाचं सेव्हिंग खातं एनआरआयला चालत नाही. पीपीएफ जुनं असेल तर मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवीन काढता येत नाही अन् मुदतवाढही मिळत नाही. सुकन्या समृद्धीचं खातं मुलगी अनिवासी झाली की बंद करावं लागतं. शेत नावावर राहू शकतं, वारसाने आलेलंही, फक्त नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही. पण पीएम किसानचे दोन हजार मात्र बंद करायला सांगा, एनआरआय त्यात बसत नाही, अन् नंतर वसुलीची नोटीस गावात येते तेव्हा वडलांची धावपळ होते.

वडलांना खात्याशी जोडायचं कसं, हे सगळेच विचारतात. एनआरई किंवा एनआरओ खात्यात जवळच्या निवासी नातेवाईकाला "फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीने दुसरं नाव म्हणून घेता येतं, म्हणजे तुम्ही असेपर्यंत व्यवहार तुमचाच, ते वापरणार नाहीत. त्यांनी रोजचं भागवावं, शाळेची फी, लाईट बिल, शेतीचा खर्च, असं असेल तर बँकेच्या फॉर्मवर मँडेट किंवा मुखत्यारपत्र द्या. मुखत्यार खात्यातून इथले पैसे देऊ शकतो, पण तुमच्या वतीने कुणाला गिफ्ट म्हणून पैसे देऊ शकत नाही. नॉमिनीचं नाव सगळीकडं टाकलंय का तेही त्याच दिवशी बघा.

क्रेडिट कार्ड. ठेवावं का? ठेवावं, पण एकच, अन् जमलं तर बिनवार्षिक फीचं. गावाकडं आलात की उपयोगी पडतं, घरच्यांचं तिकीट काढायला, इकडची ऑनलाइन खरेदी करायला, अन् सिबिल (कर्ज-बिल वेळेवर फेडल्याचा स्कोअर) जिवंत राहतं, जे पुढं घराचं कर्ज घेताना कामाला येतं. मात्र तिकडच्या देशात सिबिलला कुणी विचारत नाही, तिथं शून्यापासून सुरुवात. बँकेला स्टेटस बदलल्याचं सांगा, काही बँका कार्ड चालू ठेवतात, काही एनआरआयसाठीचं वेगळं देतात, कधी एफडीवर देतात. बिल भरायला एनआरओ किंवा एनआरईमधून ऑटो-पे लावा, अन् लावताना "मिनिमम ड्यू" न निवडता "टोटल ड्यू" निवडा, मिनिममच्या एका टिकने लोकांची वर्षभर व्याजात चटणी होते.

वर्षभर कार्ड वापरलंच नाही तर बँक कळवून, तीस दिवसात उत्तर आलं नाही तर ते बंद करू शकते, असा नियम आहे. म्हणून दोन-तीन महिन्याला मोबाईलचा रिचार्ज तरी त्याच्यावर मारा. तिकडच्या दुकानात भारतीय कार्ड घासू नका, साधारण २ ते ३.५ टक्के फॉरेन करन्सी मार्कअप अन् त्याच्यावर जीएसटी. अडलंच तर मशीन विचारतं रुपयात का इथल्या चलनात, तेव्हा तिथलंच चलन निवडा, रुपयात दर वाईट लावतात. अन् परदेशातला वापर ॲपमधे मुळातच बंद असतो, तो इथूनच चालू करून जा. ज्यांना कार्ड नकोच त्यांनी बंद करायचं लेखी कळवा, थकबाकी नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसात बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तिनेच द्यायचे. कात्रीने कापलं म्हणजे बंद झालं असं नसतं, फी लागत राहते.

यूपीआय. २०२३ पासून एनआरई-एनआरओ खातं परदेशी नंबरवरून यूपीआयला जोडता येतं, सुरुवातीला दहा देश होते: सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी, युएई आणि ब्रिटन. तुमच्या देशाचं बँकेच्या ॲपमधे बघा. आईला किराणाचे पैसे पाठवायला ह्याच्यासारखं सोपं काही नाही.

खातं झोपू देऊ नका. दोन वर्षं तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नाही की ते निष्क्रिय होतं, दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या फंडात जातात. ते परत मिळतात, उद्गम पोर्टलवर नाव टाकून शोधता येतं, पण पळापळ नको असेल तर वर्षातून दोनदा शंभर रुपये इकडून तिकडं करा. केवायसीचंही तसंच, एनआरआयला बऱ्याच बँका दर दोन वर्षांनी विचारतात, व्हिडिओ केवायसीसाठी तुम्ही भारतात असावं लागतं, नाहीतर वकिलातीत किंवा नोटरीकडून कागद साक्षांकित करून पाठवा. पॅन-आधार लिंक एनआरआयला सक्तीचं नाही, पण आयकर पोर्टलवर स्टेटस नॉन रेसिडेंट दिसायला पाहिजे, नाहीतर पॅन निष्क्रिय दाखवतं अन् टीडीएसचा सगळा घोळ होतो.

अमेरिकेत ज्यांचा टॅक्स रेसिडेंट म्हणून हिशोब होतो त्यांनी भारतातली सगळी खाती मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा असतो, वडलांसोबत जॉइंट नाव असलेलं खातंही त्यात धरतात. हुंडीवाल्याकडून "घरपोच पैसे, बँकेचा त्रास नाही" असा निरोप आला तर नको म्हणा, बेकायदेशीर आहे अन् नंतर घर घेताना पैसा कुठून आला ते दाखवता येत नाही.

अन् कायमचं परत आलात की बँकेला लगेच कळवायचं, एनआरई-एनआरओ पुन्हा साधं खातं होतं, एनआरई एफडी मुदतीपर्यंत ठरलेल्या दराने चालते पण आता त्या व्याजावर कर लागू शकतो, अन् परकीय चलनातले पैसे तसेच ठेवायचे असतील तर आरएफसी, म्हणजे परत आलेल्यांसाठीचं परकीय चलनाचं, खातं मागा. शाखेत जाताना पासपोर्टवरच्या शेवटच्या अरायव्हल शिक्क्याच्या पानाची झेरॉक्स न्या, दोन काढा, एक त्यांच्याकडं राहते.