जुन्या हॉलिवुडमधले तुमचे २५ सिनेमे: यादी कशी करायची

'सर्वकाळचे १०० श्रेष्ठ सिनेमे' अशी एखादी यादी घ्यायची आणि पहिल्या क्रमांकापासून बघत सुटायचं, ही जुन्या हॉलिवुडची सर्वांत कंटाळवाणी सुरुवात आहे. सिनेमे वाईट नसतात. पण त्या यादीत १९२७चा मूकपट, १९४१ची शोकांतिका आणि १९५९ची विनोदी धमाल मांडीला मांडी लावून बसलेली असतात आणि एकातून दुसऱ्यात जायला वाट नसते. आवड जडते ती चेहऱ्यावर, आवाजावर, चालण्याच्या ढबीवर. तोच चेहरा दुसऱ्या सिनेमात वेगळ्या रूपात भेटला की ती वाढते. म्हणून आधी माणूस निवडा. सिनेमे त्याच्यामागून येतील.

हे जुन्या हॉलिवुडमध्येच इतकं चांगलं जमतं, त्याला कारण आहे. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर ब्रदर्स, फॉक्स आणि आरकेओ या मोठ्या स्टुडिओंनी नटनट्यांना सात-सात वर्षांच्या करारात बांधून ठेवलं होतं. कॅमेरामन, संगीतकार, वेशभूषाकार, दुय्यम भूमिका करणारे, सगळे पगारी. एकच माणूस वर्षाला तीन-चार सिनेमे करायचा, त्यामुळे त्याच्या कामाचा चढउतार जवळून पाहता येतो. १९४८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्टुडिओंना आपली चित्रपटगृहं सोडावी लागली आणि ही व्यवस्था हळूहळू विस्कटली. १९३२ ते १९६० हा पट्टा धरला तर कामाला भरपूर माल मिळतो. १९३२च का? १९२८ ते १९३१च्या बऱ्याच बोलपटांत माणसं खिळल्यासारखी उभी असतात. कॅमेऱ्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद खोक्यात ठेवावा लागे आणि मायक्रोफोन फुलदाणीत किंवा टेबलावर लपवलेला असे. हलायचं कुठे? दोन-तीन वर्षांत यंत्रं सुधारली आणि सिनेमा पुन्हा चालू-फिरू लागला. ती सुरुवातीची वर्षं नंतर बघा, तेव्हा ती आवडतीलही.

एका कलाकाराचे चार सिनेमे घ्यायचे: एक ज्यात तो सर्वांत सहज आहे, एक ज्यात नेहमीच्या प्रतिमेच्या उलट आहे, एक सुरुवातीचा आणि एक तुम्हाला थोडा अवघड जाईल असा. क्रम महत्त्वाचा. कालक्रमाने बघू नका.

उदाहरण म्हणून बार्बरा स्टॅनविक घेऊ. माझ्या मते सुरुवातीला तिच्याइतकं योग्य कुणी नाही. ती बराच काळ एकाच स्टुडिओशी बांधलेली नव्हती, त्यामुळे तिच्या मागे गेलात की सगळ्याच स्टुडिओंचं घर बघून होतं. पहिला 'द लेडी इव्ह' (१९४१, ९४ मिनिटं). जहाजाच्या भोजनगृहात ती हातातल्या आरशातून हेन्री फोंडाला न्याहाळते आणि त्याच्याभोवती घुटमळणाऱ्या बायकांवर जणू धावतं समालोचन करते, तिथे नीट लक्ष द्या. तिचं डोकं किती भरभर चालतं ते नुसत्या आवाजातून कळतं. पुढे ती फोंडाच्या केसांतून बोटं फिरवत बोलत राहते. तो शॉट तीन मिनिटांहून जास्त वेळ न तोडता चालतो. दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जिसला तो तोडायची गरज वाटली नाही, कारण दोघांच्या चेहऱ्यांवर पुरेसं घडत होतं.

दुसरा 'डबल इंडेम्निटी' (१९४४, १०७ मिनिटं). इथे तोच आवाज थंडगार झालेला आहे आणि डोक्यावर मुद्दाम खोटा दिसणारा सोनेरी विग आहे. हे दोन सिनेमे आठवड्याच्या आत बघा. अंतर पडलं तर तुलनेची मजा जाते. तिसरा 'बेबी फेस' (१९३३), आणि इथे प्रत कोणती ते तपासावं लागतं. हॉलिवुडची नीतिसंहिता १९३०मध्ये लिहिली गेली, पण तिची कडक अंमलबजावणी १९३४च्या जुलैपासून झाली. त्याआधीही काही राज्यांची सेन्सॉर मंडळं कात्री चालवत होतीच, आणि 'बेबी फेस' कापून, शेवट बदलून प्रदर्शित झाला. न कापलेली प्रत २००४मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली. लांबी ७१ मिनिटांच्या आसपास दिसली तर ती कापलेली प्रत, ७६ दिसली तर पूर्ण. फरक फक्त पाच मिनिटांचा, पण नायिका कशाच्या बळावर वर चढते याचा अर्थच त्यात बदलतो. चौथा 'स्टेला डॅलस' (१९३७). हा शेवटी ठेवायचा. त्यातला भावनांचा पूर आज पहिल्यांदाच पाहणाऱ्याला झेपत नाही. तीन सिनेमांतून स्टॅनविकवर विश्वास बसला असेल तर झेपतो.

असाच धागा हम्फ्री बोगार्टचा: 'द माल्टीज फाल्कन' (१९४१), 'कॅसाब्लांका' (१९४२), 'द ट्रेझर ऑफ द सिएरा माद्रे' (१९४८) आणि 'इन अ लोनली प्लेस' (१९५०). शेवटच्या दोघांत त्याने आपलीच प्रतिमा मोडून दाखवली आहे. जेम्स स्टुअर्टचा धागा महायुद्धाच्या अलीकडे-पलीकडे बांधा. 'द शॉप अराउंड द कॉर्नर' (१९४०) युद्धाआधीचा, 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) नुकताच परतल्यावरचा, मग 'द नेकेड स्पर' (१९५३) आणि 'व्हर्टिगो' (१९५८). मधल्या काळात तो बॉम्बर विमानाचा वैमानिक होता. परतल्यावरच्या त्याच्या डोळ्यांत काहीतरी कायमचं बदललेलं दिसतं.

मग फाटे फुटू द्या. प्रत्येक सिनेमातून एक दुय्यम नाव उचला. 'डबल इंडेम्निटी'तला एडवर्ड जी. रॉबिन्सन विमा कंपनीच्या केबिनमध्ये आत्महत्यांच्या आकडेवारीचे प्रकार न थांबता म्हणून दाखवतो. एवढा मोठा नट, पण ऑस्करच्या नियमित स्पर्धेत त्याला कधी नामांकनही मिळालं नाही. थेल्मा रिटरला सहायक अभिनेत्रीची सहा नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. 'रिअर विंडो'मधली (१९५४) तिची परिचारिका बघा आणि तिथून तिच्या मागे जा. हे लोक आवडू लागले की हॉलिवुड खऱ्या अर्थाने घरचं होतं. पडद्यामागची नावंही धरा. एडिथ हेडने 'द लेडी इव्ह'चे कपडे केले, 'डबल इंडेम्निटी'चे केले आणि 'रिअर विंडो'चेही. तिला पुढे एकूण आठ ऑस्कर मिळाले.

काही फाटे अन्यायाकडे नेतात आणि तिकडेही जायला हवं. चिनी वंशाच्या अमेरिकी अभिनेत्री ॲना मे वाँगला 'द गुड अर्थ'मधली (१९३७) चिनी नायिका मिळाली नाही. ती भूमिका गोऱ्या लुइझ रेनरने केली आणि तिला ऑस्कर मिळालं. वाँगसाठी 'शांघाय एक्सप्रेस' (१९३२) बघा. 'स्विंग टाइम'मध्ये (१९३६) फ्रेड ॲस्टेअर एका नाचात कृष्णवर्णीय दिसावं म्हणून तोंड काळं रंगवून येतो. तो भाग पळवू नका, वहीत नोंदवा आणि सिनेमा यादीत ठेवायचा की नाही हे त्यासकट ठरवा.

पडदा आणि प्रत

चांगला सिनेमा नावडण्याचं कारण बरेचदा टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतं. हे काम एकदाच करायचं आहे, पण केल्याशिवाय सुरुवात करू नका.

आधी 'मोशन स्मूदिंग' बंद करा. सोनीवर त्याचं नाव मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी असतं. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो. टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतो आणि १९४४चा सिनेमा दुपारच्या मालिकेसारखा दिसू लागतो. टीव्हीत 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावा, बहुतेक सगळं एका झटक्यात जागेवर येतं. नसेल तर नॉइज रिडक्शन बंद आणि शार्पनेस शून्याच्या जवळ. जुन्या फिल्मवर दिसणारी बारीक वाळूसारखी हालचाल, म्हणजे ग्रेन, हा दोष नाही, तेच चित्राचं अंग आहे. ते पुसलं की चेहरे मेणाचे होतात.

मग चित्राचा आकार. १९३२पासून १९५३पर्यंतचे सिनेमे जवळजवळ चौकोनी, १.३७:१ या प्रमाणात आहेत. आजच्या रुंद टीव्हीवर त्यांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसलेच पाहिजेत. चित्र रुंदीचा साधारण ७७ टक्के भाग व्यापतं. पट्टे नकोत म्हणून 'झूम' केलंत तर वरखालून जवळजवळ पाव चित्र कापलं जातं आणि उभ्या माणसाच्या डोक्याचा वरचा भाग उडतो. 'स्ट्रेच' केलंत तर सगळे जाडे होतात. ओळखायची सोपी खूण: भिंतीवरचं घड्याळ किंवा गाडीचं चाक बघा. अंडाकृती दिसलं तर सेटिंग चुकलं. १९५३च्या सप्टेंबरात 'द रोब'पासून सिनेमास्कोप आलं. तिथून पुढच्या रुंद सिनेमांना पट्टे वर-खाली हवेत. 'बॅड डे ॲट ब्लॅक रॉक'सारखा (१९५५) सिनेमा जुन्या चौकोनी टीव्हीसाठी छाटलेल्या प्रतीत कधीच बघू नका. त्या छाटणीत चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र जातं, आणि वाळवंटात एकटा उभा असलेला स्पेन्सर ट्रेसी एकटा राहतच नाही. १९५३ ते १९५५मधल्या काही सिनेमांत मात्र दोन-तीन प्रमाणं चालतात. 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) तसा आहे, तिथे फार डोकं लावू नका.

आवाजाचे सराउंड वगैरे प्रकार बंद ठेवा. यातल्या बहुतेक सिनेमांचा मूळ ध्वनी एकाच वाटेने येणारा आहे, तो खोलीभर पसरवला की संवाद पोकळ होतात.

प्रतीचं गणित असं. युरोपातल्या पाल पद्धतीच्या जुन्या डीव्हीडींवर सिनेमा सेकंदाला २५ चौकटींनी धावतो, म्हणजे चार टक्के जास्त वेगाने. 'कॅसाब्लांका' १०२ मिनिटांचा आहे. तुमच्या प्रतीत तो ९८ मिनिटांत संपत असेल तर काही कापलेलं नाही, पण बोगार्टचा आवाज मूळच्यापेक्षा किंचित चढा लागेल. शक्य असेल तर ब्ल्यू-रे घ्या.

ज्यांचे हक्क संपले त्या सिनेमांबाबत जास्त जपा. 'हिज गर्ल फ्रायडे' (१९४०) आणि 'इट्स अ वंडरफुल लाइफ'च्या हक्कांचं नूतनीकरण राहून गेलं. 'शराड'च्या (१९६३) प्रतींवर हक्काची सूचना नीट छापलीच गेली नव्हती. परिणाम असा की कुणीही, कुठल्याही झिजलेल्या प्रिंटवरून, नकलेची नक्कल काढून हे सिनेमे पसरवले. चेहरे पांढरेफटक आणि काळ्या कोटाची घडी दिसेनाशी झालेली असेल, तर तो दोष प्रतीचा. 'हिज गर्ल फ्रायडे'त पात्रं एकमेकांचं वाक्य संपायच्या आत बोलतात. खरखरीत प्रतीत अर्धी गंमत कानापर्यंत पोचतच नाही. पुनर्संस्कारित प्रत मिळेपर्यंत थांबा. पहिल्या खेपेला इंग्रजी सबटायटल्स लावायला हरकत नाही, दुसऱ्यांदा काढून टाका. डोळे अक्षरांवर असले की त्यातल्या कॅरी ग्रँटचं निम्मं काम दिसत नाही.

मागाहून रंगवलेल्या कृष्णधवल सिनेमांना हात लावू नका. टीव्हीचा रंग शून्य केल्याने मूळ चित्र परत येत नाही, कारण रंग चढवताना काळ्या-पांढऱ्याच्या पायऱ्याही हललेल्या असतात.

वही

प्रत्येक सिनेमाला एक पान. नाव, साल, स्टुडिओ, दिग्दर्शक, कॅमेरामन, आवडलेलं एक दुय्यम पात्र, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम न आठवता आपोआप आठवलेलं एक दृश्य. रात्री लिहू नका. सिनेमा संपताच वाटणारं मत संगीताच्या भरात असतं. पानाच्या खाली दोन रकाने: 'मान' आणि 'माया'. 'सिटिझन केन'ला (१९४१) पहिल्या रकान्यात पैकीच्या पैकी देऊन दुसरा रिकामा ठेवणं हा गुन्हा नाही. यादी दुसऱ्या रकान्यातून बनते. (तरी 'केन'मध्ये कॅमेरामन ग्रेग टोलंडने जवळची आणि लांबची माणसं एकाच वेळी स्पष्ट कशी ठेवली आहेत ते पाहा, आणि त्याच हाताचा 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ज' (१९४६) लगेच लावा. कित्येकदा माया तिथे जडते.)

कथानक कळलं नाही म्हणून गुण कापू नका. 'द बिग स्लीप' (१९४६) याचा नमुना आहे. १९४५मध्ये तयार झालेल्या आवृत्तीत उलगडा करणारं एक दृश्य होतं. ते काढून बोगार्ट आणि लॉरेन बकॉल यांची नवी दृश्यं घातली गेली. दोन्ही आवृत्त्या मिळतात. १९४६ची कमी समजते आणि जास्त आवडते.

आठवड्याला एक, फार तर दोन सिनेमे. एकाच कलाकाराचे दोनहून अधिक सलग नकोत, लकबी डोळ्यांत भरतात आणि अभिनय दिसेनासा होतो. 'गॉन विथ द विंड'सारखे (१९३९) चार तासांच्या घरातले सिनेमे पहिल्या वर्षी टाळा. ६० पानं भरली की २५ निवडायला बसा. एका दिग्दर्शकाचे चारपेक्षा जास्त असतील तर हात आखडा. हिचकॉकच्या बाबतीत हे हटकून होतं. मूकपट एकही नसेल तर 'सिटी लाइट्स' (१९३१) बघितल्याशिवाय यादी बंद करू नका. चॅप्लिनने त्याला स्वतः संगीत दिलं आहे, त्यामुळे कुठली साथ लावायची हा प्रश्नच उरत नाही.

सहा महिन्यांनी पंचविसातले पाच, वहीत न डोकावता, पुन्हा बघा. आठवलेलं दृश्य तेच राहिलं का ते नंतर ताडून पाहा. जो उतरला त्याचं पान फाडू नका, तारीख घालून मागे लावा. 'स्टेला डॅलस' असाच बाहेर जाऊन परत येणाऱ्यांतला आहे.