कार्बोरेटर उघडण्याआधी पॉइंट सेट करा

जुनी पद्मिनी रेस देताना धक्के मारते, सिग्नलला थांबली की बंद पडते, अॅव्हरेज घसरलाय, अशी तक्रार कुठेही करा. ऐकणारा हमखास सांगणार, ‘कार्बोरेटर साफ करून घ्या.’ मग कार्बोरेटर खोलतात, जेटमधून तार फिरवतात (तारेने जेटचं भोक वाढतं, ते नुकसान वेगळंच), नवीन किट टाकतात. आठवडाभराने गाडी पुन्हा मूळपदावर. कारण खोट पेट्रोलमध्ये नव्हतीच, करंटमध्ये होती. पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी छोटी तोंडं असलेल्या) गाडीत कार्बोरेटरच्या माथी मारले जाणारे बहुतेक आजार डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाच्या) टोपीखाली असतात. त्यामुळे माझा क्रम ठरलेला आहे: आधी पॉइंट, मग टायमिंग (ठिणगी पडायची वेळ), आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. उलट्या क्रमाने जाणाऱ्या मिस्त्रीकडे मी गाडी सोडत नाही.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर पॉइंट लावणारा माणूस नाक्यानाक्यावर भेटायचा. आता बहुतेक गॅरेजांमधल्या पोरांनी पॉइंट पाहिलेलेच नसतात. म्हणून ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने हे काम स्वतःच शिकलेलं बरं. इथे माझ्यासमोर १०८९ सीसीची, चार सिलिंडरची, पॉइंटवाली पद्मिनी आहे. अॅम्बॅसेडरला किंवा दुसऱ्या कुठल्याही पॉइंटवाल्या गाडीला रीत हीच. गॅपचा आणि टायमिंगचा आकडा मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तकातूनच घ्या.

सामान: फिलर गेज (गॅप मापायच्या पातळ पात्यांचा संच), दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, १२ व्होल्टचा ५ वॅटचा बल्ब दोन वायरींसह, नवीन पॉइंट, नवीन कंडेन्सर (पॉइंटची तोंडं जळू न देणारा भाग), थोडं ग्रीस.

टोपी काढण्याआधी

गाडी सपाट जागेवर घ्या. बॅटरीची टोकं साफ आणि घट्ट असू द्या. प्लगच्या वायरींवर नंबर टाका. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, पण लक्षात राहील या भरवशावर राहू नका. चारही प्लग काढून ठेवा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं.

आत काय बघायचं

टोपी (कॅप) आतून पुसा. केसाएवढी काळी रेघ दिसली तर तो तडा आहे आणि करंट तिथूनच पळतोय, कॅप बदला. रोटर (टोपीखाली फिरून करंट वाटणारा तुकडा) काढण्याआधी तो फिरण्याच्या दिशेने बोटाने थोडा पिळून सोडून द्या. स्प्रिंगने टचकन मागे आला पाहिजे. रेंगाळत आला किंवा आलाच नाही, तर खालची अॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) गंजून अडकली आहेत. गाडी चढाला का रडते याचं उत्तर तिथेच मिळालं.

पॉइंटची प्लेट आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी यांच्यामध्ये एक बारीक, विणलेली अर्थिंगची वायर असते. ती चिमट्याने हलवून बघा. ही वायर बाहेरून शाबूत दिसते, पण आत तुटलेली असते. उभ्या गाडीत इंजिन मस्त चालतं, आणि रेस दिली की प्लेट सरकते, वायर सुटते, मिसिंग सुरू. या एका वायरपायी कितीतरी कार्बोरेटर विनाकारण बदलले गेले असतील.

पॉइंट बसवणं

जुने पॉइंट काढताना वॉशरांचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कॉइलकडून (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाकडून) येणारी वायर आणि कंडेन्सरची वायर, दोन्ही पॉइंटच्या स्प्रिंगला लागल्या पाहिजेत, पण मधल्या खुंटाला किंवा प्लेटला अजिबात नाही. त्यासाठीच ते फायबरचे वॉशर असतात. एक वॉशर खालचा वर झाला की करंट थेट अर्थ होतो आणि गाडी स्टार्टच होत नाही. नवीन पॉइंट टाकल्यावर गाडी मेली, तर पॉइंट डुप्लिकेट निघाले म्हणून दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी वॉशर बघा.

नवीन पॉइंटच्या तोंडांवर गंज लागू नये म्हणून तेलकट थर दिलेला असतो. कोऱ्या व्हिजिटिंग कार्डाला पेट्रोलचा थेंब लावा, पॉइंट त्यावर मिटू द्या आणि कार्ड ओढून घ्या. कार्डावर करडी रेघ उमटते. कोऱ्या जागेने पुन्हा ओढा. रेघ उमटेनाशी झाली की तोंडं साफ. जुनेच पॉइंट झीरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासून वापरायचा सल्ला मी देत नाही. पेपरची रेव तोंडात रुतते, आणि घासलेले पॉइंट लवकर जळतात. रस्त्यात अडकलात तर घासा, घरी बसून नको.

कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या, शाफ्टच्या चार कोपऱ्यांच्या भागावर) ग्रीसचा नुसता हात फिरवा. जास्त झालं की उडून पॉइंटवर बसतं.

गॅप: इथे घाई चालत नाही

मला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं आणि सगळ्यात जास्त चुकीचे सल्ले याच टप्प्यावर मिळतात. पुस्तकात एक ओळ असते, ‘गॅप ठेवा’. ती वाचून वाटतं, पाती घालायची आणि स्क्रू आवळायचा. तेवढंच असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आधी गॅप का महत्त्वाचा ते समजून घ्या. पॉइंट मिटलेले असताना कॉइल भरते. उघडले की ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर डिस्ट्रिब्युटर त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, दर फेऱ्यात चार ठिणग्या, म्हणजे सेकंदाला १०० वेळा हे उघडणं-मिटणं चालू असतं. गॅप मोठा ठेवला तर पॉइंट कमी वेळ मिटतात, कॉइल अर्धवट भरते, गाडी वेगात असताना ठिणगी दुबळी पडते. शिवाय टायमिंग आपोआप पुढे जातं आणि घाटात इंजिन ठोकायला लागतं. गॅप लहान ठेवला तर तोंडं जळतात, टायमिंग मागे पडतं, गाडी सुस्त होते आणि गरम होते. या काळातल्या चार सिलिंडर गाड्यांचा गॅप साधारण ०.३५ ते ०.५० मिमीच्या दरम्यान असतो.

आता हॅक्सॉ ब्लेडचा सल्ला. ‘ब्लेड घाला, तेवढा गॅप बरोबर’ असं सांगणारे अजून आहेत. हाताच्या हॅक्सॉ ब्लेडची जाडी ०.६ मिमीच्या आसपास असते. म्हणजे गॅप सरळसरळ जास्त. असा अंदाजपंचे कारभार गाडी घरापर्यंत आणायला ठीक आहे. त्याला सेटिंग म्हणू नका.

पहिली अट अशी, की पॉइंटची फायबरची टाच कॅमच्या कोपऱ्याच्या बरोबर टोकावर हवी. टाच कॅमच्या उतारावर असताना मापलेला गॅप खोटा. गाडी टॉप गिअरमध्ये टाका, इग्निशन बंद, हँडब्रेक सोडा आणि दरवाजाची चौकट धरून गाडी बोट-दोन बोटं पुढे ढकला. पॉइंटवर नजर ठेवा. गॅप वाढत वाढत जातो, एका जागी वाढायचा थांबतो, मग परत मिटायला लागतो. जिथे वाढायचा थांबला तिथेच गाडी उभी करा.

मग पॉइंटच्या प्लेटचा स्क्रू एवढाच सैल करा, की प्लेट स्वतःहून हलणार नाही, स्क्रू ड्रायव्हर खाचेत घालून पिळल्यावरच हलेल. बहुतेक लोक इथे स्क्रू पूर्ण सैल करतात आणि मग प्लेटच्या मागे धावत बसतात. गेजची पाती फडक्याने कोरडी पुसा. तेलाचा थर असला की सगळ्या पात्या सारख्याच वाटतात. पाती सरळ घाला. तिरकी गेली तर ती स्वतःच पॉइंट उघडते आणि तुम्हाला गॅप मिळाल्याचा भास होतो.

‘पाती हलकी अडकली पाहिजे’ या वाक्याने माझं कधीच समाधान झालं नाही, कारण हलकी म्हणजे किती हे प्रत्येकाचा हात वेगळं सांगतो. त्यापेक्षा तीन पात्या वापरा. गॅप ०.४५ हवा असेल तर ०.४० ची पाती काही न लागता आरपार गेली पाहिजे, ०.४५ ची दोन्ही तोंडांना घासत गेली पाहिजे, आणि ०.५० ची घालताना पॉइंटचा हात मागे सरकलेला डोळ्यांना दिसला पाहिजे. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच गॅप बरोबर.

आणि आता जी गोष्ट कुणी सांगत नाही ती. स्क्रू आवळताना प्लेट त्याच्याबरोबर फिरते आणि गॅप बदलतो. दरवेळी. त्यामुळे स्क्रू आवळल्यानंतरचं माप हेच खरं माप, आधीचं विसरा. आवळल्यावर गॅप वाढतो की घटतो ते एकदा बघून घ्या आणि पुढच्या खेपेला तेवढा हिशेब धरून प्लेट ठेवा. दोन-चार खेपा लागतात, त्याला इलाज नाही. शेवटच्या खेपेला ‘जवळपास आहे, चालेल’ असं मनात येतं. नाही चालत. पुन्हा सैल करा.

गॅप जमला की गाडी ढकलून उरलेल्या तीनही कोपऱ्यांवर मापा. चारही ठिकाणी सारखा यायला हवा. एका कोपऱ्यावर ०.४५ आणि दुसऱ्यावर ०.३५ येत असेल तर शाफ्ट बुशमध्ये हलतोय. शाफ्टचं टोक धरून आडवं हलवून बघा, खेळ हाताला लागतो. असा डिस्ट्रिब्युटर जन्मात नीट सेट होणार नाही. लेथवाल्याकडून नवीन बुश बसवून घ्या आणि मगच या कामाला परत बसा.

काही कारणाने वापरलेले पॉइंटच ठेवणार असाल तर फिलर गेज बाजूला ठेवा. एका तोंडावर उंचवटा आणि दुसऱ्यावर खड्डा पडलेला असतो. पाती उंचवट्यावर टेकते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते. अशा वेळी ड्वेल मीटरच (पॉइंट किती वेळ मिटलेले राहतात ते दाखवणारा) खरं बोलतो. गाडीच्या कामासाठी मिळणाऱ्या काही मल्टिमीटरमध्ये ती सोय असते. उंचवटा लवकर आणि मोठा येत असेल तर कंडेन्सर बदला.

टायमिंग

गॅप आधी, टायमिंग नंतर. गॅप बदलला की टायमिंग बदलतंच, त्यामुळे उलट करून उपयोग नाही.

एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवा आणि दुसऱ्याला गाडी ढकलू द्या. हवा अंगठा उचलायला लागली की कॉम्प्रेशन आलं. क्रँक पुलीवरची खूण पुस्तकात सांगितलेल्या खुणेशी जुळवा. खूण पुढे निघून गेली तर तेवढीच मागे आणू नका. गाडी चांगली मागे घ्या आणि पुन्हा पुढे येत येत जुळवा, नाहीतर गिअरमधला ढिलेपणा मापात येतो. रोटर एक नंबरच्या वायरकडे बघत असला पाहिजे.

बल्बची एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावा, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू करा. डिस्ट्रिब्युटरचा क्लँप सैल करून बॉडी रोटरच्या दिशेने फिरवा, बल्ब विझेल. मग उलट दिशेने अगदी सावकाश आणा. बल्ब लागला त्या क्षणी थांबा आणि क्लँप आवळा. आवळल्यावर पुन्हा तपासा. इग्निशन चालू ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले असतील तर कॉइल तापून जाते.

प्लग लावा, गाडी गरम होईपर्यंत फिरवा. टॉप गिअरमध्ये ताशी ३५-४० च्या वेगात असताना पूर्ण रेस द्या. क्षणभर हलकं ठोकलं आणि थांबलं तर छान. ठोकतच राहिलं तर टायमिंग किंचित मागे घ्या.

आता कार्बोरेटर, हवं असेल तर

इंजिन गरम असताना मिक्स्चरचा स्क्रू जिथे इंजिन सगळ्यात मोकळं फिरतं तिथे ठेवा, मग स्लो (रेस न देता इंजिन चालायचा वेग) लावा. झालं. यानंतरही रेस देताना गचका बसत असेल तरच कार्बोरेटर खोला.

गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि तासाभराने मुकाट्याने चालू होते, हा प्रकार मात्र वेगळा तपासावा लागतो. बंद पडल्याबरोबर एक प्लग वायरीसकट काढून इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. पेट्रोलची वाफ आसपास नाही ना ते आधी बघा. ठिणगी निळी आणि टणक असेल तर पेट्रोल तापून लाइनमध्ये वाफ धरली आहे. घाटात टॅक्सीवाले इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे ते याचसाठी. ठिणगी पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर कंडेन्सरवर पहिला संशय घ्या. तो गरम झाला की दगा देतो आणि थंड झाला की पुन्हा साव बनतो. त्यानेही भागलं नाही तर कॉइल बघा.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. गाडी बरी चालते. पण ते किट महाडजवळ रात्री गेलं तर त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. किट बसवलंत तरी पॉइंटची जुनी प्लेट जोडणीसकट डिकीत असू द्या.

नवीन पॉइंटची टाच सुरुवातीला भराभर झिजते आणि गॅप कमी होत जातो. म्हणून ५०० किलोमीटरला टोपी काढून गॅप परत मापा, बदलला असेल तर टायमिंगही बल्ब लावून परत बघा. नंतर दर ५००० किलोमीटरला मापलं तरी पुरे. आणि गाडी ठणठणीत चालत असताना काढलेला जुना कंडेन्सर फेकू नका. दुकानातल्या कोऱ्या पाकिटातला चालेलच याची खात्री नसते, हा चालतो हे तुम्ही पाहिलेलं आहे.