सायकलला इंजिन बसवताय? मग या चुका टाळा

सायकलला पेट्रोल इंजिनचं किट बसवणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. स्पीड किती मिळेल? कार्बोरेटर बदलला तर फरक पडेल का? मोठा सायलेन्सर चालेल का? मागच्या चाकाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. आणि माणसाला पाडून माझ्याकडे परत येणाऱ्या गाड्या उघडल्या की दुखणं बहुतेक वेळा मागच्या चाकातच सापडतं.

हे टू-स्ट्रोक इंजिन अगदी साधं आहे. ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन मिळालं की चालतं. काळजी घ्यायची ती सायकलची, कारण ती पायाच्या जोरासाठी आणि पायाच्या वेगासाठी बनलेली असते. इंजिनची न थांबणारी थरथर सोसायची तिला सवय नसते.

मी बोलतोय ते नेहमीच्या किटबद्दल: फ्रेमच्या त्रिकोणात बसणारं इंजिन, डाव्या बाजूला वेगळी ४१५ मापाची चेन, मागच्या चाकावर ४४ दात्यांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारी दातेरी चकती, आणि हँडलवर हाताचा क्लच. खोक्यावर बऱ्याचदा ८० सीसी छापलेलं असतं. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, ४७ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, ३८ किंवा ४० मिमी असेल, तर हिशोब ६६ ते ६९ सीसीवरच थांबतो. ८०ची अपेक्षा धरून इंजिन पिळू नका.

स्प्रॉकेट दहा मिनिटांत बसत नाही

या किटचं स्प्रॉकेट हबवर बसत नाही. ते आऱ्यांना धरून राहतं. आऱ्यांच्या आत एक रबरी चकती, बाहेर एक रबरी चकती, लोखंडी अर्धगोल पट्ट्या आणि आरपार नऊ बोल्ट. नऊच का? चाकाला ३६ आरे असतात म्हणून. दर चार आऱ्यांमागे एक बोल्ट बरोबर मोकळ्या जागेत उतरतो. ३२ आऱ्यांच्या चाकात ही जुळणी होत नाही, मग लोक बोल्ट रेटून घालतात, आरे वाकतात आणि काही दिवसांत तुटायला लागतात. किट मागवण्याआधी आरे मोजा.

स्प्रॉकेटला हात लावण्याआधी चाक सरळ करून घ्या. रिम आऊट असेल तर पुढचं सगळं मोजमाप खोटं ठरतं. मग नऊही बोल्ट हातानेच, सैल बसवा. त्यानंतर समोरासमोरचे बोल्ट घेत प्रत्येकाला पाव फेरा द्या. एकच बोल्ट शेवटपर्यंत आवळून पुढच्याकडे गेलात की स्प्रॉकेट त्या बाजूला कलंडलंच म्हणून समजा.

मग तपासणी. मी फ्रेमला तारेचा एक तुकडा बांधतो, टोक दात्यांच्या अगदी जवळ आणतो आणि चाक हळूहळू फिरवतो. स्प्रॉकेट डावी-उजवीकडे हलतंय का, हे सगळे बघतात. वर-खाली होतंय का, हे फारसं कुणी बघत नाही. खरा घात तिथेच होतो. स्प्रॉकेटचा मध्य चाकाच्या मध्याशी जुळला नाही तर चेन एका जागी ताणलेली आणि दुसऱ्या जागी ढिली राहते. बाजूची हालचाल मिलिमीटरच्या आत येईपर्यंत आणि वर-खाली होणं जवळपास थांबेपर्यंत मी पाना खाली ठेवत नाही. यात अख्खी दुपार गेली तरी चालेल.

एका पोराची गोष्ट सांगतो. कॉलेजात शिकणारा, हुशार, हाताला वळण असलेला, पण घाई भलतीच. संध्याकाळी किट उघडलं आणि रात्री गाडी रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी चेन उडायला लागली. म्हणून त्याने टेन्शनर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या डाव्या नळीवर बसणारी चेन ताणायची फिरकी, जोर लावून वर चढवला. चेन तरी उडतच होती, म्हणून आणखी चढवला. मग सरळ, रिकाम्या रस्त्यावर टेन्शनरचा क्लॅम्प नळीवर फिरला, फिरकी आऱ्यांत घुसली आणि मागचं चाक जागच्या जागी अडकलं. मनगट मोडलं. मागून कुणी येत नव्हतं, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा त्याची खात्री होती की टेन्शनरच हलक्या दर्जाचा आहे. त्याला कुणी जाड क्लॅम्प लावायला सांगितला होता, कुणी वेल्डिंग करून टाक म्हणून. मी चाक फिरवून दाखवलं. स्प्रॉकेट मध्यापासून चांगलं चार-पाच मिलिमीटर सरकलेलं होतं. चेन ढिल्या जागी उडायची, तो टेन्शनर चढवायचा, आणि मग ताणलेल्या जागी आली की तीच चेन चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला क्लॅम्पला हिसका द्यायची. ती नळी मागे निमुळती होत जाते. तिच्यावर असे हिसके खाणारा क्लॅम्प कधी ना कधी घसरणारच. वेल्डिंग केलं असतं तर क्लॅम्प टिकला असता, पण चेन तरी तुटली असती, नाहीतर इंजिनच्या पुढच्या स्प्रॉकेटचं बेअरिंग गेलं असतं. दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे, असल्या जुगाडांचा मला मनापासून राग आहे.

माझी पद्धत अशी. चेनच्या कड्या काढून आधी लांबी बरोबर करायची. गरज पडली तर अर्धी कडी घालायची. उरलेला ताण मागचं चाक खाचेत मागे सरकवून घ्यायचा. त्यासाठी अर्थातच आडवी खाच असलेली फ्रेम हवी आणि उजवीकडची पेडलची चेनही त्याच वेळी जुळवावी लागते. टेन्शनर चेनला जेमतेम टेकला पाहिजे. त्याची फिरकी चेनच्याच रेषेत आहे का, हे मागून बघा. तिरकी असेल तर पट्टी वाकवून सरळ करा, कारण तिरक्या फिरकीवर चेनचा जोर बाजूने येतो आणि क्लॅम्प फिरायला तेवढं पुरतं. क्लॅम्पखाली ट्यूबची रबरी पट्टी घालू नका, रबर दबतं आणि पकड सुटते. ढील नेहमी चेन जिथे सर्वात ताणलेली असेल तिथे मोजा, तिथे साधारण १२ मिमी खेळ हवा. शेवटी क्लॅम्प आणि नळी यांच्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. गाडी काढण्याआधी ती रेघ बघायची. तुटक दिसली की गाडी काढायची नाही.

फ्रेमला भोक पाडू नका

पुढची नळी जाड असली की किटचा पुढचा माऊंट, म्हणजे इंजिनला फ्रेमशी धरणारा भाग, बसत नाही. मग त्यासोबत आलेली पट्टी लावून एकच बोल्ट नळीतून आरपार घालायचा मोह होतो. नळीची भिंत पातळ असते, भोकाच्या कडेला तडा सुरू होतो आणि थरथर तो वाढवत नेते. नळीला बाहेरून कवेत घेणारा यू-बोल्ट आणि नळीच्या गोलाईची पट्टी वापरा. अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर मी इंजिन बसवतच नाही.

इंजिन आणि फ्रेम यांच्यामध्ये रबर घालू नका. थरथर कमी व्हावी म्हणून लोक घालतात, पण इंजिन रबरावर हलत राहतं आणि स्टड, म्हणजे इंजिनात रोवलेले माऊंटचे आटेदार दांडे, तुटतात. तुटलेला स्टड क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनच्या खालच्या खोक्यातून, काढणं हे फार जिकिरीचं काम आहे. धातूला धातू घट्ट बसू द्या, फट असेल तर धातूचीच पट्टी घाला. किटसोबत आलेले स्टड आणि नट काढून ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त मजबूत, लावा.

ऑईल अंदाजाने ओतणं

या किटच्या टू-स्ट्रोकला तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमधून जाईल तेवढंच तेल बेअरिंगला आणि पिस्टनला मिळतं. इंजिन नवं असताना मी १६ला १ धरतो, म्हणजे १ लिटर पेट्रोलला साधारण ६२ मिली. इंजिन रुळलं की २५ला १, म्हणजे ४० मिली. झाकणाने किंवा नजरेने मोजू नका. औषधाची मोठी सिरिंज घ्या, वेगळ्या कॅनमध्ये मिसळा, हलवा आणि मगच टाकीत ओता. तेल टू-स्ट्रोकचंच हवं, मोटरसायकलचं उरलेलं इंजिन ऑईल नको.

मिश्रण बरोबर असूनही इंजिन सीझ होतं, म्हणजे पिस्टन आत जाम होतो, तेव्हा बहुधा कुठूनतरी हवा ओढली जात असते. खूण अशी: अॅक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येत नाही आणि प्लग काढला तर पांढरा दिसतो. नवशिके लगेच आयडलचा स्क्रू पिळून आवाज कमी करतात, आणि इंजिन आतून भाजत राहतं. कार्बोरेटर जिथे मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनकडे जाणाऱ्या छोट्या नळीवर, चढतो तो सांधा आणि मॅनिफोल्डचं पॅकिंग तपासा. मी सांध्याभोवती जाड ग्रीस लावतो. आवाज बदलला तर हवा तिथूनच जातेय. पॅकिंग नवं घाला, मॅनिफोल्डचा चेहरा काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करून घ्या. सिलिकॉन थापू नका, पेट्रोल लागलं की ते फुगतं आणि सुटतं.

बाकीच्या, थोडक्यात

पहिल्याच दिवशी फुल अॅक्सिलरेटर देऊ नका. सुरुवातीच्या टाक्या मध्यम वेगात, मधूनमधून थंड होऊ देत संपवा. ज्याला एवढा धीर नाही त्याने तयार गाडी घ्यावी.

इंजिनमधून आलेली निळी वायर सीडीआयच्या, म्हणजे ठिणगी देणाऱ्या डब्याच्या, निळीला, काळी काळीला. पांढरी लागत नसेल तर टोकाला टेप लावून मोकळी सोडा. किल स्विचला, म्हणजे इंजिन बंद करायच्या बटणाला, जोडू नका.

टाकी बसवण्याआधी पेट्रोलने दोनदा खळबळून घ्या आणि नळीत फिल्टर लावा. आतला कचरा थेट जेटमध्ये जाऊन बसतो.

क्लचच्या केबलला थोडा खेळ ठेवा. ताठ केबलने क्लच घसरत राहतो. ग्रीस गिअरला लावा, क्लचच्या पॅडला त्याचा डागही लागता कामा नये.

ब्रेक आधी, इंजिन नंतर. पुढचा ब्रेक सायकलसकट तुम्हाला उतारावर थांबवत नसेल तर इंजिन खोक्यातच राहू द्या. बऱ्याच देशांत अशी सायकल मोटार वाहनात मोडते, त्यामुळे रस्त्यावर काढण्याआधी आपल्याकडचा नियम बघा. आणि हेल्मेट घाला.

पहिली फेरी मारून आलात की इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. मग हेडचे नट समोरासमोर घेत पुन्हा आवळा, त्यानंतर दोन्ही माऊंट, स्प्रॉकेटचे नऊ बोल्ट आणि टेन्शनर. पहिल्या फेरीत ते थोडे का होईना ढिले होतातच. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतरही हेच करा, आणि पाना पुढे सरकायचा थांबला की मग हे आठवड्यातून एकदा केलं तरी चालतं.