घरच्या देखभालीनंतर मोटारसायकलचे आयडलिंग बिघडल्यास

मोटारसायकलची देखभाल घरी केल्यानंतर ती एका किकमध्ये सुरू होते, रस्त्यावर वेगही नेहमीसारखा घेते, परंतु इंदूरच्या पलासिया चौकातील सिग्नलला थांबताच इंजिन थरथरू लागते, त्याचा वेग खालीवर होतो किंवा ते बंदच पडते. अशा वेळी बहुतेकांचा हात प्रथम आयडलिंगच्या, म्हणजे रेस न देता इंजिन चालू राहण्याचा वेग ठरवणाऱ्या, स्क्रूकडे जातो. स्क्रू आत फिरवला की इंजिनाचा वेग वाढतो आणि दोष गेल्यासारखे वाटते, पण तो फक्त झाकला जातो. म्हणून हा स्क्रू अगदी शेवटी हाताळावा आणि तपासणीची सुरुवात आपण नुकत्याच केलेल्या कामापासून करावी. गाडी कालपर्यंत नीट चालत होती आणि आज चालत नाही, तर आज ज्या भागाला हात लागला तोच भाग प्रथम संशयित ठरतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि प्रत्येक बदलानंतर इंजिन चालवून पाहावे, कारण प्लग, फिल्टर आणि स्क्रू असे सगळे एकदम बदलल्यास दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

हिवाळ्यात एक खबरदारी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत इंदूरची पहाट चांगलीच गार असते आणि कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची) गाडी अशा थंडीत पहिली काही मिनिटे चोक मागते, त्यामुळे तेवढ्यावरून आयडलिंग बिघडले असा निष्कर्ष काढू नये. गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून इंजिन पुरते तापल्यावरच परीक्षा करावी, आणि तीही मोकळ्या जागी. रामबाग, नारायण बाग यांसारख्या जुन्या वस्त्यांत गाडी अनेकदा बंद ओसरीत किंवा जिन्याखाली उभी असते. तेथे इंजिन चालू ठेवणे घातक आहे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि घरातल्या माणसांना तो जाणवतही नाही.

प्लग काढून बसवला असल्यास त्याची टोपी शेवटपर्यंत घट्ट बसली आहे का, हे आधी पाहावे. अर्धवट बसलेल्या टोपीमुळे ठिणगी अधूनमधून चुकते. गाडी धुतल्यानंतर दोष आला असेल तर टोपीच्या आत शिरलेले पाणी पुसून वाळवावे. प्लगच्या टोकातील अंतर गाडीच्या पुस्तिकेनुसार असावे. नवा, वायसर असलेला प्लग हाताने बसेपर्यंत फिरवून मग पान्याने सुमारे अर्धा फेरा आवळला की पुरे होतो, जास्त जोर लावल्यास ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जातात. प्लगवर कोरडी काळी काजळी दिसली तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे आणि टोक पांढुरके असेल तर बहुधा हवा जास्त जात आहे, असे समजून पुढे जावे.

हवेचा फिल्टर स्वच्छ केला असल्यास तो ओला तर बसवला नाही ना, हे पाहावे. फोमच्या फिल्टरला तेल लावून ते नीट पिळून काढले नाही तर हवा अडते, काजळी धरते आणि आयडलिंग जड होते. कागदी फिल्टर मात्र धुवायचाच नसतो, तो बदलायचा असतो.

सर्वांत जास्त वेळ जेथे द्यावा ते ठिकाण म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला जोड. कार्ब्युरेटर साफ करून परत बसवताना ओ-रिंग चिमटली, मॅनिफोल्डच्या (त्या जोडनळीच्या) रबराला भेग पडली किंवा पट्टी तिरपी आवळली गेली, तर मोजून मिळणाऱ्या हवेशिवाय जास्तीची हवा चोरवाटेने आत शिरते. लक्षणे ठरलेली असतात. रेस सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच खाली येत नाही, तो एकसारखा वरखाली होत राहतो आणि सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात. आयडलिंग चालू असताना कार्ब्युरेटर हाताने हलकेच एका बाजूला दाबावा, किंवा जोडावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारावा. पाणी क्षणभर फट बंद करते, त्यामुळे इंजिनाचा आवाज बदलला तर गळती तेथेच आहे. हे करताना पाणी प्लगवर उडू देऊ नये, आणि पेट्रोल किंवा ज्वलनशील स्प्रे तर कदापि वापरू नये, कारण सायलेन्सरचा तापलेला पाइप अगदी जवळ असतो. मॅनिफोल्डला जोडलेली बारीक व्हॅक्यूम नळी काम करताना निघून लोंबकळत राहिली नाही ना, हेही पाहावे. हा दोष फार क्षुल्लक असतो आणि म्हणूनच डोळ्यांसमोर असून सापडत नाही.

चोक ओढलेला असतानाच गाडी चालते आणि चोक बंद करताच बंद पडते, असे होत असेल तर स्लो जेटमध्ये (आयडलिंगसाठी पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या भागात) कचरा अडकलेला असण्याचा संभव मोठा आहे. या जेटचे छिद्र इतके बारीक असते की टाकीतील गंजाचा एक कणही ते अडवतो. कार्ब्युरेटर क्लीनर आणि हवेचा दाब यांनी ते मोकळे करावे. त्यात तार घालू नये, कारण छिद्र किंचितही मोठे झाले तर जेटचे माप कायमचे बिघडते.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट, सेट केले असल्यास ते पूर्ण थंड इंजिनावर, पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात सर्वांत वर असताना, फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) पुन्हा मोजावेत. टॅपेट सैल राहिला तर टिकटिक आवाज येतो आणि दोष लक्षात येतो. घट्ट राहिलेला टॅपेट आवाज करत नाही, पण इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आयडलिंग अडखळते आणि तसेच चालवत राहिल्यास व्हॉल्व्ह जळतो. म्हणून शांत इंजिन म्हणजे ठीक इंजिन, असे येथे धरून चालू नये.

ॲक्सिलरेटरची केबल हाताळली असल्यास इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवावे. वळवताना वेग वाढला तर केबल ताणलेली किंवा चुकीच्या मार्गाने नेलेली आहे.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धूर-प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटर नसून फ्युएल इंजेक्शन आहे. अशा गाडीची बॅटरी काढून लावल्यावर काही मॉडेलांत आयडलिंग थोडा वेळ अस्थिर राहते. पुस्तिकेतील क्रमाने, रेस न देता, इंजिन तापू द्यावे. थ्रॉटल बॉडीवरील (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागावरील) कारखान्यात बसवलेले स्क्रू फिरवू नयेत, सेन्सरचे प्लग नीट लागले आहेत का ते पाहावे, आणि मीटरवरील इंजिनाचा दिवा जळत राहिल्यास दोषाचा कोड वाचणाऱ्या यंत्राशिवाय अंदाज बांधत बसू नये.

हे सर्व ठीक झाल्यावर आयडलिंगच्या स्क्रूला हात लावावा. 100 ते 125 सीसीच्या अनेक गाड्यांत तापलेल्या इंजिनाचा वेग मिनिटाला 1400 फेऱ्यांच्या आसपास अपेक्षित असतो, परंतु अखेरचा शब्द पुस्तिकेचाच. मिश्रणाचा स्क्रू फिरवण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत बसवून किती फेरे बसले ते लिहून ठेवावे, म्हणजे मूळ जागी परत येता येते. त्यानंतरही इंजिन थरथरत असेल तर मेकॅनिककडे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे आणि घरी कोणते भाग, कोणत्या क्रमाने उघडले हे त्याला काहीही न लपवता सांगावे.